जाळी आपल्या हातची

(निवेदन)

नाशिकचं गोल्फ क्लब मैदान. सकाळी चालायला येणारे ट्रॅकवरून जाता जाता मान वळवून बघतात. पोरांच्या हातातली काठी हॉकीची नाही, आणि चेंडू जमिनीला फारसा लागत नाही. हा लॅक्रॉस, काठीच्या टोकाला असलेल्या जाळीत चेंडू झेलायचा आणि तिथूनच फेकायचा खेळ. 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये तो परत येतोय, सहा-सहा जणांच्या सिक्सेस प्रकारात. 1904 आणि 1908 ला त्यात पदकं दिली गेली होती. पण ते असू द्या. आपण काठीकडे येऊ.

हा दांडा, आतून पोकळ. हे हेड. वरची पसरट कड म्हणजे स्कूप, तिनं पडलेला चेंडू उचलायचा. दोन बाजूंना साइडवॉल, त्यांना ओळीनं भोकं. खाली निमुळता गळा, तिथं दांडा बसतो. जाळी काढली की उरतो नुसता सांगाडा. त्यात चेंडू थांबणारच नाही.

उत्तर अमेरिकेतल्या हॉडेनोशोनी या मूळनिवासी लोकांचा हा खेळ. त्यांची काठी हिकरीच्या लाकडाची, वाफेवर वाकवलेली, चामड्यानं आणि तातीनं विणलेली. प्लास्टिकचं हेड आलं 1970 च्या सुमारास. पण विणायला हातच लागतो, तेव्हाही आणि आताही.

आता बोटं बघा.

जाळीची वरची ओळ दुमडली. टॉप स्ट्रिंग स्कूपच्या भोकांतून घेऊन ती आवळली. मग साइडवॉल: दोरी भोकातून बाहेर, जाळीच्या डायमंडमधून, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराच्या भोकातून आत, गाठ, ओढ. पुन्हा तेच. कुठलं भोक सोडायचं, कुठं दोन डायमंड एकत्र घ्यायचे, यावर ठरतं की चेंडूची जागा, म्हणजे पॉकेट, वर बसणार की खाली. डावीकडे जे केलं तेच उजवीकडे. एक गाठ इकडची तिकडे झाली तर पास तिरका जातो, आणि पोरगा बिचारा मनगटाला दोष देतो.

खालची दोरी गळ्यापाशी. बाज सैल पडली की पायथ्याची दोरी ओढतात ना, तसंच हे काम. ओढली की पॉकेट उथळ, सोडली की खोल.

शेवटी शूटिंग स्ट्रिंग. बुटाच्या नाडीसारखीच दिसते, आडवी ओवायची. फार सैल ठेवली तर चेंडू उंच उडतो. फार आवळली तर समोरच्याच्या पायाशी आपटतो.

चेंडू भरीव रबराचा, साधारण 145 ग्रॅमचा, सीझन बॉलपेक्षा किंचित हलका. तो पॉकेटमध्ये ठेवून काठी डोळ्यासमोर आडवी धरा. चेंडूचा माथा आणि साइडवॉलची खालची कड यांच्यामधून उजेड दिसला? मग पॉकेट नियमापेक्षा खोल आहे, पंच काठी बाजूला ठेवायला लावतील.

जाळी फाटली, विणून देणारं कुणी नाही, म्हणून काठी माळ्यावर आणि पोरगा पुन्हा क्रिकेटकडे, असंही होतं.

लायटरनं दोरीची टोकं वितळवून घ्या, नाहीतर नायलॉन उसवत जातं. फक्त खालच्या दोरीचं शेपूट आखूड कापू नका. पावसात मऊ जाळी भिजली की ताणते, आणि नाशिकच्या जुलैमध्ये ही दोरी सराव संपला की दरवेळी ओढावी लागते.