मामाच्या पत्त्यावरचा दंड

[दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण]

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पश्चिम लंडनमधलं हौन्स्लो. हीथ्रोला उतरणारं विमान छपरावरून जातंय, म्हणून दारातल्या माणसाचं पहिलं वाक्य ऐकू येत नाही. दुसरं येतं. तो एका तरुणाचं नाव घेऊन विचारतो, आहे का घरात?

नाही. तो तरुण केव्हाच लीड्सला राहायला गेला. हे घर त्याच्या मामाचं आहे.

काळं जाकीट, छातीवर कॅमेरा, हातात टॅबलेट. कागदावर याला एन्फोर्समेंट एजंट म्हणतात, गल्लीत सगळे बेलिफच म्हणतात. मॅजिस्ट्रेट कोर्टाचा थकलेला दंड वसूल करायचं काम खाजगी कंपन्यांना दिलेलं असतं, हा त्यांतल्याच एका कंपनीचा माणूस. कायद्याने त्याला सकाळी ६ ते रात्री ९ या वेळात येता येतं. आपल्याकडे जप्तीला निदान पंच तरी लागतात. इथे हा एकटाच.

[स्वयंपाकघर. ड्रॉवर उघडतो]

आता हा ड्रॉवर बघा. मेथीदाण्याची बरणी, जुने चार्जर, आणि त्याखाली रबर लावून ठेवलेली पाकिटं. सगळी भाच्याच्या नावाची. एकही फोडलेलं नाही.

मामी सांगतात, "दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, अशी आमच्याकडे शिस्त. म्हटलं, दिवाळीला येईल तेव्हा देऊ."

भाचा एमएस्सी करायला आला तेव्हा इथेच राहिला. एक जुनी कोर्सा गाडी घेतली, तिच्या नोंदणीवर हाच पत्ता घातला. पुढे इंजिन गेलं, गाडी नुसती उभी राहिली, विमा संपला. इंग्लंडमध्ये २०११ पासून नियम असा की गाडी चालवा अथवा उभी ठेवा, विमा हवाच. नको असेल तर गाडी रस्त्यावरून काढून डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी खात्याला, तसं कळवायचं. भाच्याने कळवलं नाही. मग गाडी भंगारात गेली, भाचा लीड्सला गेला आणि पत्ता इथेच राहिला.

[भाचा लीड्सहून आलाय. सगळ्यांसमोर पाकिटं फोडतो. एकेक कागद जवळून]

पहिलं पत्र डीव्हीएलएचं. दुसरं महत्त्वाचं, त्यावर लिहिलंय ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस’. ही पद्धत २०१५ साली सुरू झाली. एक मॅजिस्ट्रेट, सल्ल्याला एक कायदा जाणणारा माणूस, समोर फाइल. सरकारी वकील नाही, आरोपी नाही, बसून ऐकायला कोणी नाही. उत्तर द्यायला २१ दिवस. उत्तर आलं नाही तर कागद बघून निकाल.

छोट्या गुन्ह्यांसाठी ही सोय आहे, असं सांगतात. सोय कोणाची, ते विचारायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये याच पद्धतीने चालवलेले रेल्वे तिकिटांचे सुमारे ७४ हजार खटले वेस्टमिन्स्टरच्या कोर्टात रद्दबातल ठरले, कारण त्या गुन्ह्यांना ही पद्धत लागूच नव्हती. इतके निकाल लागेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? खोलीत दुसरं कोणी नसतंच.

तिसरं पाकीट दंडाचं, चौथं पुढच्या कारवाईच्या इशाऱ्याचं. पाचवं बेलिफ कंपनीचं. यात सात पूर्ण दिवसांची मुदत होती आणि वसुलीचं काम कंपनीकडे आलं म्हणूनच ७५ पौंड चढलेले होते. बेलिफ दारात आला की आणखी २३५. म्हणजे पहिल्या भेटीपर्यंत ३१० पौंड वर. मूळ दंड त्याहून कमी असला तरी हे आकडे तेच. हे २०१४ च्या नियमांतले दर.

[दुसरी भेट. आमचा कॅमेरा दिवाणखान्यात]

काउन्सिल टॅक्ससाठी, म्हणजे पालिकेच्या घरपट्टीसाठी, किंवा पार्किंगच्या थकबाकीसाठी आलेल्या बेलिफला पहिल्या भेटीत जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. फौजदारी दंडाचं वेगळं. २००७ च्या कायद्याने तिथे वाजवी बळ वापरून आत येण्याची मुभा आहे. मामांना हे कुठून तरी कळलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी ते जवळजवळ कार्ड काढून पैसे भरणार होते. पुष्कळ जण भरतात. शेजारीपाजारी बघत असतात ना.

पण याच कायद्यात एक अट आहे. घर दंड झालेल्या माणसाचं हवं, निदान तो तिथे राहतो असं मानायला बेलिफकडे वाजवी कारण हवं. मामा आता ते कारणच काढून घेतायत. दार बंद, साखळी लावलेली. खिडकीच्या काचेला काउन्सिल टॅक्सचं बिल टेकवलंय, त्यावर मामा-मामींची नावं. शेजारी भाच्याचा लीड्सचा भाडेकरार. बेलिफ वाकून वाचतो, टॅबलेटवर फोटो काढतो.

मामा एवढंच म्हणतात, "तो इथे राहत नाही. सगळं लेखी पाठवलंय."

[अंगणातली मामांची टोयोटा]

बेलिफ आता गाडीभोवती फिरतोय. मामींचा चेहरा पडद्याआड दिसतो. जप्त करता येतं ते फक्त दंड झालेल्याच्या मालकीचं. नातेवाइकाचं नाही, घरमालकाचं नाही. पण मालकी दाखवायची कशी? गाडीचं लॉगबुक त्याला पुरेसं नाही, त्यावर नोंद असते ती गाडी सांभाळणाऱ्याची. मामांकडे खरेदीची पावती आहे, तीही काचेला लागते. चुकून गाडी नेली असती तर ७ दिवसांत लेखी दावा करावा लागला असता. ज्याचं काही देणं नाही, त्यानेच पावत्या जपायच्या!

बेलिफ निघून जातो.

[लीड्स. सॉलिसिटरच्या ऑफिसचा जिना]

घराचा प्रश्न दारात सुटला, दंड तसाच होता. मामांना तो उतरवता येत नाही, ते फक्त भाच्यालाच जमतं. खटल्याची मला माहितीच नव्हती, असं प्रतिज्ञापत्र त्याने द्यायचं, कळल्यापासून २१ दिवसांत. ही तरतूद १९८० च्या मॅजिस्ट्रेट कोर्ट कायद्यातली. पाकिटं फोडली त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालं होतं. सॉलिसिटरसमोर सही करायला ५ पौंड लागले. वकिलाचं पत्र नाही, कोर्टाची मोठी फी नाही. एक पान आणि एक सही. कागद वेळेत कोर्टात पोचला की निकाल, वॉरंट, बेलिफचे पौंड, सगळं मागे जातं आणि खटला पहिल्या पानापासून सुरू होतो.

भाचा जिना उतरताना हसतोय. मामींना व्हिडिओ कॉल लावलाय.

"अरे, आधी गाडीवाल्यांना पत्ता कळव," मामी ओरडतात.

नव्या खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला, दंड झाला, तो त्याने हप्त्यांनी फेडला. मामींना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्या वर्षी भाचा दिवाळीला आला नाही.