चाकाची धाव

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत पश्चिमेला निघालेले लोक वाटेत गेलेली आपली माणसं कशी पुरत, ते आज ऐकू.

१८४० नंतर अमेरिकेतली हजारो कुटुंबं बैल जुंपलेल्या गाड्यांतून पश्चिमेला निघाली. कुणी ऑरेगनला, कुणी युटाला. ऑरेगनची वाट तीन हजार किलोमीटरांच्या वर, तीही तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखातून. आणि वाटेत पटकी, म्हणजे कॉलरा. बंगालातून निघून जगभर पसरलेली, जिच्या धाकानं आपल्या गावोगावी मरीआईला साकडं घालत, तीच पटकी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा.

त्याला पुरायचं कसं? वाटेतल्या प्लॅट नदीकाठच्या माळावर लाकूड दुर्मीळ. मग गाडीच्याच फळ्या काढून पेटी करायची, नाहीतर गोधडीत गुंडाळायचं. खड्डा जमेल तितका खोल, वर दगड, कारण लांडगे उकरत. कधी भर वाटेत पुरून वरून गाड्या नेत, जागा कुणाला कळू नये म्हणून. पुन्हा सांगतो: खड्डा खोल, वर दगड, आणि पुष्कळदा खूणच पुसलेली. पोटचं मूल जिथं ठेवलं, ती जागा आईबापच पुसत.

आता रेबेका विंटर्सची गोष्ट ऐका. ही मला फार जवळची आहे. वय पन्नास, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची बाई, नवरा-मुलांबरोबर युटाला निघालेली. १५ ऑगस्ट १८५२ रोजी नेब्रास्कात, स्कॉट्स ब्लफ नावाच्या कड्याजवळ पटकीनं गेली. टाकून दिलेल्या गाड्यांच्या फळ्या खड्ड्यात खाली अंथरल्या, वरही घातल्या. पण विल्यम रेनॉल्ड्स या स्नेह्याला तिची जागा अशी हरवू द्यायची नव्हती. त्यानं गाडीच्या चाकाची धाव, म्हणजे लाकडी चाकाभोवती बसवतात ती लोखंडी पट्टी, घेतली आणि त्या धावेवर छिन्नीनं रेबेकाचं नाव आणि वय कोरलं. त्याची लहान मुलगी मेणबत्ती धरून उभी होती, असं सांगतात. मग ती धाव कबरीवर रोवली.

धाव म्हटलं की मला आपले लोहार आठवतात. शेणीच्या जाळात धाव लाल करून लाकडी चाकावर चढवायची, लगेच पाणी ओतायचं, की ती आवळून बसते. केवढा अंदाज लागतो त्याला! हे काम आयटीआयमध्ये शिकवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. असो.

कबरींवरच्या लाकडी पाट्या कुजल्या, रेबेकाची धाव टिकली. १८९९ च्या सुमाराला रेल्वेसाठी जमीन मोजणाऱ्यांना ती दिसली. रेबेका विंटर्स, वय ५०. नाव वाचता आलं, म्हणून ती कबर चुकवून रूळ घातले. श्रोतेहो, रूळ सरकले! पुढं तिच्या वंशजांना कळलं, त्यांनी दगड बसवला. रुळांलगत येणाऱ्या लोकांच्या जिवाला धोका होता, म्हणून १९९५ मध्ये कबर थोडी दूर हलवली. वंशज त्या वेळी हजर होते. धावही तिच्याबरोबर नव्या जागी गेली.

वस्ती झाल्यावरच्या पुरण्याच्या रीती, शेताच्या कडेची घरची कबर, महिन्यांनी येणाऱ्या पाद्र्याचं प्रवचन, हे पुढच्या भागात. नमस्कार.