गाव उठलं, पीठ राहिलं

श्रोतेहो, नमस्कार.

अल्जिरियात ओरेस डोंगरांच्या पायथ्याशी तिमगाद आहे. इ. स. १०० मध्ये रोमन सम्राट त्राजान यानं तिसऱ्या ऑगस्टा पलटणीच्या निवृत्त सैनिकांसाठी ते वसवलं. तेव्हाचं नाव थामुगादी. रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले. त्यांच्या फरशांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेले चर आजही स्पष्ट दिसतात. भरचौकातल्या एका फरशीवर तर कुणीतरी कोरून ठेवलंय: शिकार करणं, न्हाणं, खेळणं, हसणं, जगणं म्हणतात ते हेच!

या गावाला बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रमुखही होते. २५६ साली कार्थेजच्या धर्मसभेत थामुगादीचा नोव्हातुस हजर होता. चौथ्या शतकाच्या शेवटी इथे ओप्तातुसचा दरारा होता. तो दोनातुसपंथी, म्हणजे रोमशी फारकत घेतलेल्या आफ्रिकी ख्रिस्ती पंथाचा. गिल्डो या सेनापतीच्या बंडात त्यानं साथ दिली आणि बंड फसल्यावर ३९८ मध्ये तो तुरुंगात मेला. त्याच्या मोठ्या चर्चशेजारच्या घरात रंगीत खड्यांची एक फरशी सापडली. ‘देवाचा पुरोहित ओप्तातुस याच्या आज्ञेवरून मी हे काम पुरं केलं,’ असं कारागिरानं तिच्यावर लिहिलंय. स्वतःचं नाव मात्र घातलेलं नाही. मला त्या कारागिराची फार आठवण येते.

पुढे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या सैन्यानं जुन्या इमारतींचेच दगड उचलून किल्ला बांधला. अरबांच्या स्वाऱ्यांनंतर वस्ती उठली, वाळूनं सगळं झाकलं. १८८१ पासून फ्रेंचांनी खोदकाम केलं, तेव्हा गाव पुन्हा उजेडात आलं.

पण कॅथलिक चर्चच्या दप्तरातून थामुगादी गेलं नाही. बिशप म्हटला की तो कुठल्या तरी गावाचा हवा, हा फार जुना दंडक. मग मोठ्या धर्मप्रांतातल्या सहायक बिशपला किंवा पोपच्या राजदूताला कुठलं गाव द्यायचं? अशा उठून गेलेल्या गावांचं नाव द्यायचं. ही नामधारी धर्मपीठं, म्हणजे बिशपच्या नावापुरत्या गाद्या. १८८२ पर्यंत त्यांना ‘परधर्मीयांच्या मुलखातली’ म्हणत. ते बोचरं बिरुद पोप तेरावे लिओ यांच्या काळात गेलं, हे बरं झालं.

ही प्रथा आपल्याला परकी नाही. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो १६३७ साली बिशप झाले, ते अरबस्तानातल्या ख्रिसोपोलिसच्या नावानं. काम नेमून दिलं होतं विजापूरच्या आदिलशाही मुलखातलं! गोऱ्या पाद्र्यांच्या त्या काळात हिंदी माणसाला बिशपपद मिळालं, ते एका दूरच्या गावाच्या आधारानं.

थामुगादीत आज घंटा नाही, प्रार्थनेला कुणी जमत नाही. तरीही नामधारी पीठांच्या यादीत त्याचं लॅटिन नाव थामुगादी असंच आहे. त्राजानाच्या पाथरवटांनी गाव वसवताना शिलालेखात कोरलं होतं, अगदी तेच.