हिशेब कोणी ठेवायचा?

नमस्कार श्रोतेहो. लोक थेट आपापसांत फाइली देतात-घेतात, असं जाळं घ्या. मधे फाइली साठवणारा सर्व्हर नाही, कुणी मालक नाही, सगळी भिस्त एकमेकांच्या संगणकांवर. अशा जाळ्याला पहिली कीड लागते ती फुकट्यांची. 2000 साली ग्नुटेला नावाच्या अशा जाळ्याची पाहणी झाली, तेव्हा जवळपास 70 टक्के लोक एकही फाइल देत नव्हते. फाइल शोधणाऱ्यांना निम्मी उत्तरं येत होती ती वरच्या 1 टक्का संगणकांकडून! यात दुष्टपणा नाही. दिलं तर आपली बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची क्षमता, जाते, नाही दिलं तर काहीच बिघडत नाही. मग देणार कोण?

काझा नावाच्या अशाच दुसऱ्या जाळ्यानं गुण द्यायची युक्ती काढली: जास्त द्या, रांगेत पुढे जा. पण गुण मोजणार कोण, तर तुमच्याच संगणकावरचा प्रोग्राम. पेपर आपणच लिहायचा, आपणच तपासायचा. फेरफार केलेले प्रोग्राम आले आणि ज्याला त्याला पैकीच्या पैकी.

2001 मध्ये आलेल्या बिटटोरेंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीनं हिशेबाची वहीच दुसऱ्याच्या हाती दिली. फाइलचे तुकडे होतात आणि ते साधारण 16 केबीच्या ब्लॉकनं मागवले जातात. तुमचा संगणक दर 10 सेकंदांनी बघतो, आत्ता मला सगळ्यात वेगानं कोण देतंय? अशा तीन-चार जणांनाच तो अपलोड खुला ठेवतो, बाकीचे 'चोक', म्हणजे तूर्त बंद. आलेले बाइट घेणाऱ्यानंच मोजलेले, त्यामुळे थापा चालत नाहीत. शिवाय सर्वांत दुर्मिळ तुकडा आधी घ्यायचा नियम आहे. सगळ्यांकडे तेच तुकडे असतील, तर अदलाबदल कशाची करणार?

नवखा मात्र रिकाम्या हातानं येतो. त्याच्यासाठी अपलोडची एक जागा नशिबावर सोडलेली असते, ती दर 30 सेकंदांनी फिरते. फुकटे घुसतात ते इथूनच. शेकडो जणांशी जोडणी करायची आणि या फिरत्या जागांवर अख्खी फाइल उतरवायची. ही फट बुजवली तर नवखाही बाहेरच राहील, म्हणून ती ठेवावीच लागते.

खरी अडचण फाइल पूर्ण झाल्यावर येते. आता घ्यायचं काही उरलं नाही, मग द्यायचं कशासाठी? खासगी ट्रॅकर, म्हणजे कोणती फाइल कुणाकडे आहे ते फक्त सभासदांना सांगणाऱ्या साइट, त्यासाठी प्रत्येकाचं दिल्या-घेतल्याचं गुणोत्तर पाहतात. आकडे पुन्हा ज्याचे तोच कळवतो, ते सोडा. पण एकूण दिलेलं आणि एकूण घेतलेलं सारखंच असणार ना? कुणी घेतल्याच्या पाचपट दिलं, की बाकीच्या काहींचं गुणोत्तर 1 च्या खाली जाणारच. मग त्यांनी रात्रंदिवस संगणक चालू ठेवला, तरी मागायलाच कुणी येत नाही.