मधपेटीच्या आत काय ऐकू येते

मधपेटीला कान लावला की प्रथम ऐकू येते ती एकसंध घरघर, आणि तिच्यातच संदेश शोधू लागणाऱ्याची फसगत ठरलेली. ही घरघर बहुतांशी कामाची आहे. पाय रोवून बसलेल्या कामकरी माश्या पंखांनी वारा घालत असतात. त्यामुळे पेटीतली उष्णता बाहेर पडते आणि मधुरसातले पाणी उडून जाते. उडणाऱ्या माशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात, तर वारा घालणाऱ्या माशीचा स्वर त्याहून खालचा लागतो.

मधमाशीला आपल्यासारखा कानाचा पडदा नाही. पोळ्याच्या मेणातून पसरणारी कंपने तिच्या पायांतली संवेदी इंद्रिये टिपतात, आणि अगदी जवळ हलणारी हवा तिच्या शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीच्या, दुसऱ्या पेऱ्यातल्या जॉन्स्टन इंद्रियाला जाणवते. म्हणजे माशीच्या लेखी पोळ्यातला आवाज हा बराचसा स्पर्शच असतो.

अन्न कुठे आहे हे इतर माश्यांना सांगणाऱ्या मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे नृत्य मुके नाही, हे त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, एड्रियन वेनर आणि हाराल्ड एश यांनी स्वतंत्रपणे दाखवले होते. शेपटीकडचा भाग हलवत सरळ रेषेत धावताना नाचणारी माशी पंख थरथरवून तुटक आवाज काढते, आणि अन्न जितके दूर, तितके हे थरथरणे लांबते. मिट्ट काळोखात तिला चिकटून चालणाऱ्या माश्यांना नाच दिसत नसतो, हे लक्षात घेतले तर या आवाजाचे मोल कळते.

पोळ्यातला एक आवाज मात्र निःसंशय राणीचा आहे: आधी सुमारे एक सेकंदाचा लांब सूर, मग त्याच पट्टीत आखूड सुरांची रांग. सतराव्या शतकात इंग्लंडमधील पाद्री चार्ल्स बटलर यांनी राणीमाश्यांचे हे सूर चक्क स्वरलिपीत उतरवले होते. जुनी राणी थव्यासह निघून गेल्यावर राणीघरातून पहिली नवी राणी बाहेर येते. ती पंख मिटून छाती पोळ्यावर दाबते आणि उड्डाणाचे स्नायू कंपित करून सुमारे ४०० हर्ट्झचा हा सूर पोळ्यात सोडते. त्या क्षणी आसपासच्या कामकरी माश्या जागच्या जागी थबकतात. उत्तर येते ते अजून राणीघरात अडकलेल्या तिच्या बहिणींकडून, थोड्या खालच्या पट्टीत, बदकासारखे तुटक.

हे प्रतिस्पर्धी राण्यांचे एकमेकींना आव्हान आहे, अशी समजूत फार काळ होती. ती पूर्ण खोटी नाही, कारण मोकळ्या झालेल्या राण्या खरोखरच झुंजतात. पण बंदिस्त राण्यांना बाहेर सोडायचे की नाही, हे कामकरी माश्याच ठरवतात, आणि वसाहत पुन्हा फुटणार असेल तर त्या राणीघराची टोपणे मेणाने बंद करत राहतात. मोकळ्या राणीचा सूर बहुधा त्यांच्याचसाठी असतो: एक राणी बाहेर आहे, दुसरी सोडू नका. ती थव्यासह उडून गेली की सूर थांबतो, पुढची राणी सुटते आणि सूर पुन्हा सुरू होतो.

इतकी स्पष्टता सगळीकडे मिळत नाही. डोके दुसऱ्या माशीला टेकवून काढलेल्या एका क्षणिक आवाजाला थांबण्याची खूण म्हणतात. संशोधक जेम्स नी यांनी २०१० मध्ये दाखवले की अन्नाच्या जागी हल्ला झालेली माशी त्याच जागेसाठी नाचणाऱ्या माश्यांना ही खूण देते आणि नाच थांबवते. मात्र नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी पोळ्यातच कंपनमापक बसवले, तेव्हा हाच आवाज फार वारंवार, रात्रीदेखील आढळला, आणि पेटीला हलका धक्का देताच असंख्य माश्यांनी तो एकदम काढला. बऱ्याचदा तो नुसता दचकण्याचा असावा, असे त्यांनी २०१७ मध्ये सुचवले.

मधपाळांची टकटक करून पाहण्याची जुनी रीत याच दचकण्यावर चालते. पेटीवर बोटाने ठोकले की निरोगी वसाहत क्षणभर फिस्कारून शांत होते, तर राणी गमावलेल्या वसाहतीचा स्वर कण्हल्यासारखा रेंगाळतो. अनुभवी मधपाळ याला पुरावा मानत नाही. तो चौकट उचलून उजेडाकडे धरतो आणि पेशींच्या तळाशी ताजी अंडी आहेत का ते पाहतो.