ओलीत दिवसाच व्हायला पाहिजे
(गावच्या वाचनालयातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, विषय दिलाय सौरऊर्जा आणि हवामानबदल. त्याच्यावर बोलणारच आहे, पण आधी रात्रीचं बोलतो. समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी डिसेंबरात रात्री हरभऱ्याचं ओलीत केलंय? हात वर करा. बघा, पहिल्या तीन रांगा. आणि मागच्या बाया हात वर करत नाहीयेत, पण त्या रात्री त्याही झोपलेल्या नसतात. धनी वावरात असतो तेव्हा घरातलं कोण झोपतं?

मी अकरावीत होतो. शेतीच्या विजेची दिवसाची पाळी संपून रात्रीची लागली होती. बाबा आणि मी बाराच्या सुमारास निघालो. एकाच्या हातात बॅटरी आणि काठी, दुसऱ्याच्या खांद्यावर फावडं. थंडी अशी की दांडातल्या पाण्यात पाय ठेवला की थोड्या वेळानं बोटं आपली वाटत नाहीत. पलीकडच्या धुऱ्यावर रानडुकरांचा आवाज. आणि घोणस हिवाळ्यात बाहेर निघते, हे इथं कोणाला सांगायला नको. बाबा पाय टाकायच्या आधी दरवेळी काठी आपटायचे.

दोनच्या सुमारास विजेच्या तीन तारांपैकी एक, म्हणजे एक फेज, गेली. आमचा ऑटो स्टार्टर थेट जोडलेला होता, लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. त्यामुळे ती दोन फेजवरच गुणगुणत राहिली. आम्ही वावराच्या त्या टोकाला, फुटलेला दांड बांधत होतो. पाणी का थांबलं ते बघायला विहिरीवर आलो, तर वार्निश जळाल्याचा वास. दुसऱ्या दिवशी रिवायंडिंगवाल्यानं मोटर उघडून काळी पडलेली कॉइल दाखवली. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं त्या तारेवरून बोट फिरवत राहिले. आठ दिवस मोटर दुकानात होती आणि हरभरा घाट्यावर आलेला होता. त्या वर्षी दाणा भरलाच नाही.

हे मी आज तीस वर्षं मनात धरून आहे. ज्या विदर्भात चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, कोराडी आहे, खापरखेडा आहे, तिरोडा आहे, जिथला कोळसा जमिनीतून निघतो आणि राख आमच्या पऱ्हाटीवर बसते, तिथल्याच कास्तकारानं रात्री सापाच्या वाटेवर का चालावं?

आता माझा मुद्दा. सौरऊर्जेवर पहिला आक्षेप असतो, रात्री काय करणार? शहराला तो प्रश्न खराच आहे. पण ओलिताला रात्रीची गरजच नाही! पिकाला पाणी दिवसा दिलं तरी चालतं, आणि दिलेलं पाणी मातीच धरून ठेवते. आपली काळी माती हीच आपली बॅटरी आहे. म्हणून सूर्यावर सगळ्यात आधी जर काही चालवायचं असेल, तर तो शेतीपंप.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. ठीक आहे.)

मग हवामानाचा हिशोब भराभर मांडतो. पाच एचपीची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॉट. आठ तास चालली की तीस युनिट. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षात शंभर दिवस ओलीत धरलं तर एका मोटरीमागे तीन टन. डिझेल इंजिन असेल तर एका लिटरला अडीच किलोहून जास्त. हा वायू कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत दहा लाख भागांत २८० होता, आज ४२० च्या वर गेलाय. त्यानं हवा तापते, मग पाऊस एका दिवसात कोसळतो आणि पुढं तीन आठवडे दडी मारतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते ना?

देशात २०२५ मध्ये कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांची क्षमता निम्म्यावर पोचली. पण ती क्षमता झाली. प्रत्यक्ष वीज अजूनही सुमारे सत्तर टक्के कोळशाचीच, कारण पॅनल रात्री बंद आणि बॅटऱ्या अजून कमी. म्हणून दिवसाची वीज दिवसाच वापरली गेली पाहिजे. एकेकट्या पंपाला पॅनल लावता येतात, किंवा २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेसारखा, उपकेंद्राजवळ छोटा प्रकल्प उभारून अख्खा फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी, दिवसा चालवता येतो. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. कारण घरच्या पॅनलची वीज फुकट म्हणून दिवसभर उपसा सुरू राहिला, तर पाणी खालीच जाणार; वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर किती खोल गेले ते आपण बघतोच आहोत. सूर्य फुकट असला तरी विहिरीचं पाणी फुकट नाही.

उन्हाबद्दल एक राहिलं. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज घटते, आणि आपल्या मे महिन्यात काच साठ-पासष्टावर जाते. त्यावर थ्रेशरची धूळ बसली तर आणखी घट. पुसायचं असेल तर सकाळी, काच थंड असताना, मऊ फडक्यानं आणि साध्या पाण्यानं. दुपारी तापल्या काचेवर बादली ओतू नका, तडा जातो. ज्यांना पंप बघायचा आहे त्यांनी उद्या सातला विहिरीवर या, फडकं घेऊनच या.