आदेश निघाला, दावा कोण लावणार?

मंडळी, विषयाला हात घालण्याआधी माझ्या हातातला हा कागद बघा. अमेरिकेत मतदार म्हणून नाव नोंदवायचा हा केंद्रीय अर्ज. वरच प्रश्न आहे: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? पुढे दोन छोटे चौकोन, हो आणि नाही. 'हो'वर खूण करायची आणि खाली सही. खोटं लिहिलंत तर खटला होऊ शकतो.

२५ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश क्रमांक १४२४८ काढला. नुसती खूण चालणार नाही, पासपोर्टसारखा नागरिकत्वाचा पुरावा हवा, असं त्यात होतं. आठवडा उलटायच्या आत वॉशिंग्टनच्या कोर्टात दावे दाखल झाले. पाठोपाठ १९ राज्यं मिळून मॅसॅच्युसेट्समध्ये कोर्टात गेली.

अशा दाव्यांचं काय होणार, याचा अंदाज बांधताना बहुतेक लोक आधी न्यायाधीश कोणत्या राष्ट्राध्यक्षांनी नेमले ते बघतात. मी आदेशाचं एकेक कलम सुटं करून वाचतो आणि प्रत्येकापुढे लिहितो: हा अधिकार कुणाचा, आणि नुकसान कुणाचं?

अधिकाराचं उत्तर इथे सोपं होतं. आपल्याकडे कलम ३२४ ने निवडणुकीची सूत्रं आयोगाच्या हाती दिली आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या अनुच्छेदाचं चौथं कलम म्हणतं की काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत राज्यांची विधिमंडळं ठरवतील आणि काँग्रेस त्यात बदल करू शकेल. त्या वाक्यात राष्ट्राध्यक्ष कुठेच नाहीत. या अर्जाची जबाबदारीही २००२ च्या कायद्याने चार सदस्यांच्या एका आयोगाकडे आहे, आणि तिथे तीन मतं पडल्याशिवाय काहीही बदलता येत नाही. राष्ट्राध्यक्षांनी त्या आयोगाला 'अमुक करा' असा हुकूम सोडला, तेव्हाच हे कलम टिकणार नाही हे दिसत होतं. २४ एप्रिलला न्यायमूर्ती कॉलीन कोलर-कॉटेली यांनी त्याला स्थगिती दिली आणि ३१ ऑक्टोबरला कायमची मनाई केली.

पण त्याच २४ एप्रिलच्या निकालात दुसरं एक कलम टिकलं, आणि शिकण्यासारखं खरं तिथे आहे. काही राज्यं मतदानाच्या दिवसापर्यंत टपालाचा शिक्का असलेली मतपत्रिका नंतर पोचली तरी मोजतात. आदेशाने त्या राज्यांवर कारवाई करायला आणि त्यांचा निधी अडवायला सांगितलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाने स्थगिती मागितली, ती मिळाली नाही. हा बडगा राज्यांवर आहे, तुमच्यावर नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं. आपले वकील ज्याला 'लोकस' म्हणतात, म्हणजे दावा लावण्याचा हक्क, तिथेच पक्ष अडला. १३ जूनला मॅसॅच्युसेट्सच्या न्यायमूर्ती डेनिस कॅस्पर यांच्यापुढे तेच कलम आलं, पण या वेळी दारात राज्यं उभी होती. स्थगिती मिळाली! आदेशातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, बदलला होता तो वादी. म्हणून दाव्याच्या पहिल्या पानावरची वादींची यादी मी सर्वांत सावकाश वाचतो.

२७ जून २०२५ नंतर तर या यादीला आणखी वजन आलं. देशभर लागू होईल अशी सरसकट मनाई खालच्या कोर्टांनी देऊ नये, दिलासा वादींपुरता असावा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी ठरवलं. दावा कुणी लावला नाही, हेही आता बघावं लागतं. आणि तारीख बघावी लागते: २००६ च्या पर्सेल प्रकरणापासून निवडणूक तोंडावर असताना केंद्रीय कोर्टं नियमांना हात लावायला कचरतात.

या आदेशाच्या सुरुवातीलाच भारताचं नाव आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? भारत मतदाराची ओळख बायोमेट्रिक नोंदींशी जोडतो आहे आणि आम्ही मात्र लोकांच्या शब्दावर चालतो, असा त्याचा आशय. मला हा दाखला पटत नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आपला आधार कायदाच सांगतो.

पुरावा मागितला की काय होतं, हे पाहायला भारतात यायची गरजच नव्हती. अमेरिकेतल्याच कॅन्सस राज्यात २०१३ पासून हाच नियम लागू होता. जन्मदाखला सापडत नाही, लग्नानंतर नाव बदललेलं, पासपोर्ट काढायला पैसे नाहीत... ३१,००० हून अधिक लोकांची नोंदणी त्यात अडकली. खटला उभा राहिला तेव्हा राज्याला विचारलं गेलं, की नागरिक नसलेले किती जण यादीत शिरले? पुराव्यातून निघालेला आकडा होता १९ वर्षांत फार तर ३९. २०१८ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला, २०२० मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. पुराव्याच्या सक्तीचा आदेश पुढे कुठल्याही कोर्टात गेला, तरी वादींच्या वकिलाच्या फायलीत हे दोन आकडे असणारच.